दोराच्या पोटात

कोकसू नदीवरचा दोर सोव्हिएत काळात खनिजं शोधायला आलेल्या लोकांनी बांधला. खनिजं काही सापडली नाहीत. ते लोक तंबू गुंडाळून गेले, आणि दोर माझ्या सासऱ्यांच्या गळ्यात पडला. सासऱ्यांचं नाव ओरोझअली. घरात आम्ही सगळे त्यांना अताके म्हणतो. सुरुवातीला या कामाचा पगार होता, पुढे नुसता मान उरला, आणि त्याच्याही पुढे लोकांच्या तक्रारी.

पल्याड मोजकी घरं, गवताची कुरणं, सफरचंदाच्या बागा. तिकडे रस्ता जात नाही. खिंडीवरून वळसा घालून घोड्यावर जायचं तर अख्खा दिवस मोडतो, आणि हिवाळ्यात बर्फ साचलं की तीही वाट बंद. त्यामुळे सगळी ये-जा दोराला टांगलेल्या लोखंडी पाळण्यातून. पिठाची पोती, गवताचे भारे, पाय बांधलेल्या मेंढ्या, शाळेची पोरं, अवघडलेल्या बाया. मी गावच्या दवाखान्यात नर्स आहे. लशींचा डबा मांडीवर घेऊन मी त्या पाळण्यातून इतक्या वेळा गेले असेन की खाली नदी आहे हेसुद्धा विसरायला व्हायचं.

दर वसंतात अताके पाळण्यात उभे राहून या टोकापासून त्या टोकापर्यंत दोराला ग्रीस चोपडायचे. हात लावला तर हात काळा झालाच पाहिजे, ही त्यांची परीक्षा. दोर उन्हात नुसता चकाकायचा. जिल्ह्याचे लोक अधूनमधून यायचे, दुर्बिणीतून बघायचे, "वा, ओरोझअली-अके, छान ठेवलाय हो," म्हणायचे, जेवायचे आणि जायचे.

माझी नणंद कुंदुझ मात्र असं काही बोलली नाही. ती माझ्याहून मोठी, म्हणून मी तिला कुंदुझ-एजे म्हणते. लांबच्या एका खाणीत, माणसं खाली सोडणाऱ्या पिंजऱ्याच्या विभागात ती कामाला होती. खाण बंद झाली तशी ती दोन खोकी घेऊन घरी परत आली. पिंजऱ्याचे दोर तपासायला त्या खाणीत एक परदेशी यंत्र होतं. त्याच्या किमतीत आमचं गाव कुत्र्या-मांजरांसकट विकत मिळालं असतं, असं ती सांगायची. ते एकदा बिघडलं, दुरुस्त करायला कोणी येईना, म्हणून कुंदुझनं धीर करून उघडलं. आत काय, तर दोन जाड चुंबकं आणि मसुरीच्या दाण्याएवढ्या काही चिपा.

"एवढंच?" ती स्वतःशीच म्हणाली होती. तेव्हापासून तो किडा तिच्या डोक्यात शिरला तो शिरलाच.

गावच्या बंद पडलेल्या क्लबातले जुने लाऊडस्पीकर तिनं मागून आणले आणि फोडून त्यातली चुंबकं काढली. त्या मसुरीच्या दाण्यांना हॉल सेन्सर म्हणतात. ते तिनं बिश्केकच्या बाजारातून मागवले, एकेक दाणा एका नानच्या किमतीत. पाण्याचा प्लॅस्टिकचा पाइप उभा चिरून दोन अर्धुकं केली, त्यांना कपाटाची बिजागरी लावली. माझ्या नूरायमची खेळण्यातली गाडी मोडली होती, तिची चाकंही त्यात गेली. झाली एक कडी तयार. दोराभोवती मिटायची आणि दोरावरून सरकवत न्यायची. जे कळेल ते बिनतारी जुन्या लॅपटॉपवर रेघ होऊन उमटणार.

"खाणीनं पेन्शनच्या ऐवजी खेळणं दिलं वाटतं तुला," अताके म्हणाले.

"खेळणं तर खेळणं. तुमच्या दोराचं पोट बघता येईल यानं."

"माझ्या दोराचं पोट ठीक आहे. तू तुझं बघ, दोन घास जास्त खात जा."

मला काही कळलं नाही म्हणून मी चहा ओतता ओतता विचारलं. कुंदुझ म्हणाली, "हे बघ सालतानात, चुंबक लावलं की पोलादातून चुंबकाचा जोर वाहतो, पाटातून पाणी वाहावं तसा. पाट चांगला असेल तर सगळं पाणी आतल्या आत. पण आत तार तुटली असली, गंजून झिजली असली, की तिथून थोडं बाहेर झिरपतं. आपल्याला दिसत नाही, हाताला लागत नाही. या चिपेला तेवढंच कळतं. बाकी काही कळत नाही बिचारीला."

अताके ऐकत नसल्यासारखं दाखवत होते. पण दोन दिवसांनी त्यांनीच अंगणात दोराचा एक तुकडा आणून टाकला. खांबामागे दोराचं जास्तीचं शेपूट इतकी वर्षं लोंबत होतं, त्यातलाच तो. त्यांनी दाभणानं पेड उचकटून आतल्या तारा तीन जागी कापल्या होत्या, वरून ग्रीस फासून पेड पुन्हा बसवले होते. कुठं कापलंय ते शेजारच्या म्हाताऱ्यालाही ओळखता येईना.

"घ्या इंजिनिअरबाई. सांगा."

कुंदुझनं कडी मिटली आणि सावकाश सरकवत नेली. लॅपटॉपवर रेघ चालली, उसळली, चालली, पुन्हा उसळली. तिनं खडूनं खुणा केल्या. तिन्ही जागा बरोब्बर. आणि वर आणखी एक खूण, टोकाजवळ.

"ही चौथी कुठून काढलीस?"

"मी काढली नाही, त्यानं काढली. तिथंही तुम्हीच कापलं असेल."

"मी तीनच कापल्या. तिथं काही नाही."

"मग आत काहीतरी असेल."

"आत काही नाही!" अताके उठून उभे राहिले. "या दोराच्या आत मी आहे, इतकी वर्षं! तुझं खेळणं तीन खरं बोलतं आणि चौथं खोटं." त्यांनी तुकडा उचलला आणि गोठ्यामागे भिरकावून दिला.

कुंदुझ हसली खरी, पण जेवताना तिचं लक्ष नव्हतं.

शरद ऋतू लागला होता. गवत कापून झालं होतं. गावात ताश्तान-बाइकेंच्या मुलाचं लग्न निघालं. थोरल्या पुरुषांना आम्ही बाइके म्हणतो. ताश्तान-बाइके म्हणजे मोठा आवाज, मोठा कळप, आणि राग त्याहून मोठा. नवरी पल्याडची, ममिरकुलची मुलगी झियनात. लग्नाच्या दिवशी नवऱ्याकडची सगळी माणसं पाळण्यातून पल्याड जाणार, तिकडे जेवणार आणि नवरीला घेऊन परत येणार, असं ठरलं होतं. बोरसोक, म्हणजे कणकेचे फुगीर तुकडे, तळायला हात हवेत म्हणून मी आदल्या दिवशी सकाळीच निघाले. बरोबर पाच वर्षांची नूरायम, पिठाचं पोतं, तेलाचा डबा आणि ताश्तान-बाइकेंची भलीमोठी कढई.

पाळणा नेहमीसारखा कुरकुरला. नूरायम फळ्यांच्या फटीतून खाली थुंकायची आणि थुंकी नदीत पडते का ते बघायची. मी तिच्या पाठीत धपाटा घातला. अताके अलीकडून ओढदोरी सोडत होते, पल्याडून ममिरकुल ओढत होता. आम्ही पोचलो, कढई उतरवली, मी हात धुऊन कणीक मळायला बसले.

पुढचं मला नंतर कुंदुझनं सांगितलं.

अताके घरी आले आणि गोठ्यामागे गेले. त्यांनी तो फेकलेला तुकडा शोधून आणला, पायरीवर बसले, चौथ्या खुणेपाशी दाभण खुपसून पेड उचकटायला लागले. कुंदुझ अंगणात वाळवणासाठी सफरचंदं चिरत होती. ठोकल्याचा आवाज येत होता. मग तो थांबला, म्हणून ती बघायला गेली.

त्यांच्या तळहातावर तांबडी भुकटी होती, मिरची कुटल्यासारखी. दोराच्या बाहेरच्या तारा काळ्याभोर, चकचकीत. त्यांच्या खाली मात्र मधली तागाची वात वाळून भुसा झालेली, आणि तिच्याभोवतीच्या तारा गंजून तांबड्या. अताकेंनी एक तार बोटात धरून वाकवली. ती वाळक्या काडीसारखी मोडली.

"पाणी आत गेलं," ते म्हणाले. "ग्रीस मी वरून लावत राहिलो, आणि पाणी आतच राहिलं."

"अताके, हे शेपूट आहे. खांबामागे पावसात लोंबत होतं. मुख्य दोर कदाचित…"

"हा त्याच दोराचा आहे." ते उठले. "तुझं ते आण. लवकर."

माझा फोन वाजला तेव्हा माझे हात कणकेत होते. नूरायमनं फोन माझ्या कानाला लावला.

"पोरी, रिकामा पाळणा येतोय. ममिरकुलला ओढायला सांग. कोणीही बसायचं नाही. ऐकू आलं का? कोणीही."

पाळण्याच्या पुढे दोराला ती कडी डसलेली होती आणि तिच्यावर बारीक लाल दिवा मिचकत होता. ममिरकुलनं पाळणा ओढला, परत सोडला. पुन्हा आला, पुन्हा सोडला. तिसऱ्या वेळी तो म्हणाला, "काय गं, तुझे सासरे पाळण्याला हवा खायला पाठवतायत का?" मी हसले. मला तेव्हा काहीच माहीत नव्हतं.

अलीकडे कुंदुझ लॅपटॉप कोटाखाली झाकून बघत होती. दोराची रेघ बहुतेक ठिकाणी सपाट होती, मध्ये कुठं कुठं बारीक काटे. पण अलीकडच्या खांबाजवळ, जिथं रोज संध्याकाळी पाळणा आणून टांगतात तिथं, रेघेला मोठं टेंगूळ आलेलं. वर्षानुवर्षं पाळण्याची चाकं दोराच्या त्याच वीतभर तुकड्यावर विसावत आली होती.

पहिल्यांदा तिला वाटलं, पाळणा हिंदकळला म्हणून तसं दिसतंय. उन्हानं या चिपा तापल्या की थोड्या बहकतात, हेही तिला ठाऊक होतं. म्हणून ऊन ढगाआड जाईपर्यंत ती थांबली. मग कडी उलटी करून लावली, अगदी हळू नेली. टेंगूळ तिथंच होतं, तेवढंच.

"किती?" अताकेंनी विचारलं.

"नक्की सांगता नाही येणार. या घरच्या यंत्राला…"

"डॉक्टर बोलतात तसं नको बोलूस. मुलगी बापाला सांगते तसं सांग."

कुंदुझनं लॅपटॉप मिटला. "तिथं अर्ध्याहून जास्त दोर गेलाय, असं मला वाटतं."

"आज तुटेल?"

"माहीत नाही. आज तुटेल, नाहीतर अजून दहा वर्षं टिकेल. हे यंत्र कधी ते सांगत नाही. कुठं, एवढंच सांगतं."

अताके तिथंच दगडावर बसले. "सकाळी मी तिला पाठवली," ते म्हणाले. "लेकरासकट. कढईसकट."

तेवढ्यात ताश्तान-बाइके आले. बरोबर सोललेली दोन मेंढरं, गालिच्यांच्या वळकट्या आणि नटूनथटून आलेली पाहुण्यांची पहिली तुकडी. दुसऱ्या दिवशी गर्दी नको म्हणून निम्म्यांना आजच पल्याड पाठवायचा त्यांचा बेत होता.

"चला, अके, पाळणा लावा!"

"पाळणा बंद आहे, ताश्तान."

"बंद म्हणजे? आत्ता तर फिरत होता, मी टेकडीवरून बघितला."

"दोर आतून गेलाय."

ताश्तान-बाइकेंनी दोराकडे बघितलं. दोर झगमगत होता. "कोण म्हणतं?"

"माझी मुलगी म्हणते."

"अच्छा!" ते कुंदुझकडे वळले. "ही ती क्लबातल्या भोंग्यांची करामत का? अगं बाई, या दोरावरून ड्रिलिंगची यंत्रं गेलीत, तुझा जन्म झाला नव्हता तेव्हा. उद्या माझ्या मुलाचं लग्न आहे. तुझा प्रयोग परवा कर. परवा हवा तेवढा कर!"

"परवापर्यंत टिकेल असं मी सांगू शकत नाही, बाइके," कुंदुझ म्हणाली.

"तुटेल असं तरी सांगू शकतेस?"

तेही कुंदुझला सांगता येत नव्हतं. लोक हसायला लागले. कोणीतरी म्हणालं, सरळ बसूया, काय होतंय. दोघे तरणेबांड पुढेही झाले.

मग अताके उठले. पाना घेतला, शिडीवर चढले आणि पाळणा ज्या चाकांवर लोंबतो ती दोन्ही चाकं कप्पीसकट खोलायला लागले. ताश्तान-बाइके खालून ओरडत होते, अताके वर नटबोल्ट सोडवत होते. चाकं निघाली तसा पाळणा नुसत्या साखळ्यांवर कलंडून पडला. अताके खाली उतरले, ते जड लोढणं त्यांनी खांद्यावर घेतलं.

"हा दोर मी राखलाय," ते सगळ्यांसमोर म्हणाले. "तो खराब झालाय, तो माझ्या हाताखाली खराब झालाय. ज्याला शिव्या द्यायच्या त्यानं मला द्याव्यात. पण यावर आता कोणी चढणार नाही." आणि ते घराकडे चालू लागले.

मला फोन आला. "तू तिथंच थांब, पोरी. खिंडीवरून आणायला येतील." का ते त्यांनी सांगितलं. मी दोराकडे बघितलं. सकाळचाच दोर, तसाच चमकणारा. मी नूरायमला इतकी घट्ट धरली की ती म्हणाली, "अपा, दुखतंय."

पल्याड त्या दिवशी रडारड झाली. झियनातला वाटलं, लग्नच मोडलं. तिची आई तिला म्हणाली, "मोडतंय कशाला, मीसुद्धा घोड्यावरून आले होते या घरात." दुसऱ्या दिवशी संध्याकाळ व्हायच्या आत खिंडीतून घोडेस्वार उतरताना दिसले. सगळ्यांत पुढे ताश्तान-बाइके, नाक लाल, कल्पाक टोपीवर बर्फाचा भुगा. घोड्यावरून उतरताना त्यांची पाठ सरळ होईना.

मला बघताच ते म्हणाले, "तुझ्या नणंदेनं माझी वरात आभाळात चढवली! मेंढरं ठेवून आलो, वाजंत्री ठेवून आलो, माझं कंबरडं तेवढं बरोबर आणलं, तेही वाटेत मोडलं."

"मी मलम लावते, बाइके."

"मलम तुझ्या सासऱ्याच्या डोक्याला लाव!" असं म्हणून ते बोरसोकच्या ढिगावर तुटून पडले.

सकाळी आम्ही निघालो. झियनात डोक्याला पांढरा रुमाल बांधून, अंगात बापाचा जाडजूड कोट घालून घोडीवर बसली होती, नवरी कमी आणि सीमेवरचा शिपाई जास्त दिसत होती. खिंडीत वारा सुटला, बर्फ तोंडावर यायला लागलं. माझा घोडा सारखा घसरायचा. ताश्तान-बाइके मागे वळले आणि नूरायमला माझ्यापुढून उचलून स्वतःच्या कोटाच्या आत घेतलं. "माझा घोडा म्हातारा आहे, पडायचासुद्धा कंटाळा करतो," ते गुरगुरले. उतार संपेपर्यंत कोटाच्या दोन बटणांमधून नूरायमचं फक्त नाक दिसत होतं.

खाली मेंढवाड्यापाशी अताके आणि कुंदुझ चहाचा समोवार पेटवून बसले होते. अताकेंनी नूरायमला उतरवून घेतलं आणि खाली ठेवलंच नाही. तिच्या केसांत तोंड खुपसून नुसते उभे राहिले. मग मला म्हणाले, "काही खाल्लंस का?" मी हो म्हटलं. त्यांनी तरी नानचा तुकडा माझ्या हातात कोंबला.

लग्न झालं, आणि झक्क झालं. पण बोलणी कुंदुझलाच खावी लागली. "कुंदुझ, तुझं ते कडं माझ्या घोडीच्या पोटाला लाव, शिंगरू आहे का सांग." "कुंदुझ, माझ्या सासूच्या मनात काय आहे ते बघ बरं, आतून गंज असणार!" ती ओठ घट्ट मिटून हसायची. भांडी घासताना माझ्या शेजारी बसली तेव्हा हळूच म्हणाली, "दोर उतरवला आणि आत काही निघालं नाही तर?"

"तर लोक हसतील. हसून हसून किती हसतील?"

"माझं सोड. अताकेंनी माझ्या एका शब्दावर गावादेखत चाकं खांद्यावर घेतली. ते काय तोंड दाखवतील?"

"आणि आत निघालं तर?"

तिनं माझ्या साबणाच्या हातावर हात ठेवला. "तर तू त्यात बसून गेली होतीस."

पाहुणे पांगल्यावर दोर उतरवायचा दिवस ठरला. निम्मं गाव जमलं. ताश्तान-बाइकेही आले, हात मागे बांधून, तमाशा बघायला आल्यासारखे. दोर खांबाला आवळून धरणारी पक्कड सैल करायची तर आधी दोर थोडा आणखी ताणावा लागतो, म्हणून त्याला ट्रॅक्टरचं विंच, म्हणजे ओढायचा रहाट, लावलं होतं. अताकेंनी सगळ्यांना शाळेच्या भिंतीमागे जायला लावलं. लोक कुरकुरले. ताश्तान-बाइके खांबापाशीच घुटमळत होते, त्यांना तर अताकेंनी दंडाला धरून ओढत आणलं. "अहो, किती नाटकं!" ते म्हणाले.

ट्रॅक्टर गुरगुरला. दोर ताठ झाला, त्यातून बारीक गुणगुण यायला लागली. ड्रायव्हरनं अजून थोडं ओढलं, फार नाही.

बंदूक उडाल्यासारखा आवाज झाला. दोराचं टोक फटकाऱ्यासारखं हवेत फिरलं, पाळण्याच्या धक्क्याचा लोखंडी कठडा त्यानं गवतासारखा उडवला, आणि अख्खा दोर नदीत कोसळला. पाणी खांबाइतकं उंच उसळलं. आवाज डोंगरावर आपटून परत आला, मग परत गेला. गावातली कुत्री कुठल्या कुठे पळाली.

ताश्तान-बाइके भिंतीला पाठ घासत खाली बसले. त्यांनी कल्पाक काढून गुडघ्यावर ठेवली. "माझी सगळी माणसं," ते म्हणाले. "माझी आई. माझा पोरगा. नवरी. सगळी मी त्यात बसवणार होतो. मीच ओरडत होतो, बसवा म्हणून."

ममिरकुल पल्याडून फोनवर ओरडत होता, "आहात का? सगळे आहात का?" ट्रॅक्टरचा ड्रायव्हर म्हणाला, "आहोत, पण माझी विजार बदलावी लागणार." कोणाला तरी फिस्सकन हसू फुटलं, आणि मग सगळेच हसायला लागले. पोट धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत, एकमेकांच्या खांद्यावर पडून. त्यातले निम्मे रडत होते, हे नंतर लक्षात आलं. मी स्वतः रडत होते की हसत होते, मला सांगता येणार नाही. नूरायम शाळेच्या खिडकीतून बघत होती. मी आत जाऊन तिचे हात, पाय, कान असे तपासले, जणू ती आत्ताच जन्माला आली होती.

अताके खांबापाशी गेले. दोराचं उरलेलं टोक फुलासारखं उमललं होतं, आतून सगळं तांबडं. धड तारा अगदी थोड्या, त्यांचीच टोकं नुकती तुटून चमकत होती. त्यांनी ती बोटानं चाचपली. मग ते वळले, गर्दीतून सरळ कुंदुझकडे आले, आणि सगळ्यांसमोर तिचं डोकं दोन्ही हातांत धरून कपाळाचा मुका घेतला. कुंदुझ लहान मुलीसारखी हुंदके द्यायला लागली.

दुपारी घरी चहा घेताना अताके आपणहून बोलले. ते कधी असं बोलत नाहीत.

"पहिली काही वर्षं मला भीती वाटली नाही. मग वाटायला लागली. कोणी पाळण्यात बसलं की ते उतरेपर्यंत माझी नजर दोरावरून हलायची नाही. मी आणखी ग्रीस लावायचो. दुसरं काय करणार? वरून दिसतं तेवढंच दिसायचं. कोणाला सांगावं तर लोक म्हणणार, राखणदारच घाबरतो. तुझ्या आईलासुद्धा बोललो नाही, कुंदुझ." त्यांनी चहाचा पेला उपडा घातला. "आता जरा पडतो."

ते पडले ते दिवस मावळेपर्यंत. इतके गाढ झोपलेले मी त्यांना या घरात आल्यापासून पाहिले नव्हते. आम्ही बायका चवड्यांवर चालत होतो. ताश्तान-बाइके एक मेंढरू घेऊन माफी मागायला आले, तर कुंदुझनं त्यांना ओठांवर बोट ठेवून अंगणातच बसवलं. आणि तो मोठ्या आवाजाचा माणूस चक्क कुजबुजत बोलला.

नवा दोर त्याच बंद खाणीच्या कोठारातून मिळाला. कुंदुझचे जुने सोबती ट्रकवर चढवून घेऊन आले. तोवर महिनाभर पल्याडचं औषधपाणी घोड्यावरून गेलं, मलाही दोनदा खिंड ओलांडावी लागली, पण कोणी हूं की चूं केलं नाही. दोर चढवायच्या आधी अंगणात पसरून अताकेंनी स्वतः त्यावरून कडी फिरवली. लॅपटॉपकडे बघत कुंदुझ, आणि तिच्या खांद्यावरून बघणारं अर्धं गाव. खालच्या दोन गावांचे पाळणेवालेही आले होते. त्यांनी आपापल्या दोरांसाठी तिला आमंत्रण दिलं. एकानं तर भोंगेही बरोबर आणले होते.

पहिल्या फेरीचा मान झियनातला मिळाला. लग्नानंतर ती पहिल्यांदाच माहेरी निघाली होती. सासरे म्हणून ताश्तान-बाइके भेटवस्तूंची गाठोडी घेऊन तिच्याबरोबर पाळण्यात बसले. त्यांनी दोन्ही हातांनी कठडा धरला होता. पुढे कडी सरकत होती, तिचा दिवा मिचकत होता. पाळणा नदीच्या मध्यावर पोचला तेव्हा त्यांचा आवाज आला.

"कुंदुझ! काय म्हणतंय गं ते?"

कुंदुझनं लॅपटॉपवरून मान वर केली. "सपाट आहे, बाइके! पाटीवर रेघ मारल्यासारखं सपाट!"

त्यांनी कठड्यावरचा एक हात सोडला. मग ते ओरडले, "मग हळू ओढा रे, घाई कसली आहे! नदी बघू द्या जरा. इतकी वर्षं जातोय, कधी धड खाली बघितलंच नाही."

ममिरकुलनं ओढदोरी सैल सोडली. पाळणा तिथंच थांबला, वाऱ्यावर थोडा थोडा हलत. झियनात कठड्यावरून वाकून बापाला हात करत होती.